एडवणच्या वाळूवरचे आठ बांबू

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. करणी, उतारा, भानामती — सगळ्यांवर पत्रकं काढलीत मी. सरावलीच्या खोलीत आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाचं सायक्लोस्टाइल मशीन होतं, त्याची शाई माझ्या नखांतून कधी गेली नाही. म्हणून हे लिहिताना माझाच मला राग येतोय. पण त्या सकाळी तिथे मी होते.

सत्याऐंशीचा हिवाळा, बोंबलांचा हंगाम. एडवणच्या किनाऱ्यावर बांबू रोवून, दोऱ्या बांधून सगळ्यांचे बोंबील वाळत होते. फक्त काशीबायच्या वाट्याची जागा मोकळी — घट्ट वाळूचा लांब पट्टा. म्हातारी तिथे काडी ठेवू देईना. "त्याला उतराला जागा लागल," एवढंच म्हणायची. कोणाला? ते नाही सांगायची. आणि तिची विधवा सून सुमन शेजारणींकडे दोरीभर जागा मागत फिरायची. टोपलीत मासे सडायचे!

मंडळाच्या कामाने मी तिथे जायचे; हे बघून माझं डोकं फिरलं. "सुमनताई, आज तुमच्या जागेत तुमचे बोंबील. बघू कोण उतरतंय!"

"सासू मारील गो मना."

"माझं नाव सांगा."

"तुजा नाव सांगून मार चुकल काय?" ती हसली, पण बांबू आणले.

पट्ट्याच्या आडव्या ओळीत आठ बांबू रोवले, हातभर खोल. दोऱ्या मी बांधल्या. तिथल्या बायकांची गाठ मला येत नव्हती, मी आपली परकराच्या नाडीला मारते तशी निरगाठ मारली.

"बोंबलांना परकर नेसवला गो हिनं!" शेजारच्या तिघी खिदळल्या.

काशीबाय आली. भांडली नाही. बांबूंकडे बघून म्हणाली, "काड ते, बाय. त्याची यायची येल झाली."

मी नाही म्हटलं. चारचौघींत, मोठ्याने.

अर्ध्या तासात समुद्रावरून विमान आलं. छोटं, खाजगी, एका पंख्याचं... आणि पंखा थांबलेला. आवाजच नाही. ते सरळ पट्ट्यावर उतरत होतं आणि मध्ये माझे बांबू! आम्ही होडीआड पळालो. मी डोळे मिटले. याला मी मारलं — एवढंच डोक्यात.

उघडले तेव्हा विमान पट्ट्याच्या टोकाला धड उभं होतं. वैमानिक उतरून आमच्याकडे आला.

"इंजन बंद हो गया था. ऊपर से बांबू दिखे... सोचा, खतम. किसने हटाए?"

कोणीच नाही. आम्ही सहाही जणी होडीआड होतो. काशीबायसुद्धा, माझा दंड धरून.

चाकांच्या खुणा माझ्या बांबूंच्या खड्ड्यांवरून गेल्या होत्या. आणि आठही बांबू वीस पावलं बाजूला उभे होते. रोवलेले. दोऱ्या ताणलेल्या, बोंबील लटकलेले, गाठ न् गाठ परकराच्या नाडीची.

"हाच का तो?" मी काशीबायला विचारलं.

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "नाय गो. हा तो नाय."

वारा म्हणा, भ्रम म्हणा, मीही म्हणून पाहिलं. पण वारा बांबू रोवत नाही. यावर पत्रक लिहायला बसले, ते पहिल्या ओळीपुढे गेलं नाही.

दोन वर्षांनी काशीबाय वारली. वाटलं, आता तरी सुमनताई जागा वापरेल. गेले, तर पट्टा तसाच मोकळा आणि ती पलीकडे शेजारणीच्या दोरीवर बोंबील घालतेय. तिला झापायचंच ठरवलं. मध्ये फक्त तो पट्टा, दहा पावलं रुंद.

मी लांबून वळसा घालून गेले. का, ते आजही मला सांगता येत नाही.