आप्पांचे कान

जयेशचा फोन आला तेव्हा मी एका साडीच्या निळ्या रंगाशी झगडत होतो. मी एका प्रोसेस हाऊसमध्ये रंग जुळवायचं काम करतो. गिऱ्हाइकाने दिलेल्या तुकड्याशी आपला तुकडा जुळला की माझं काम संपतं. जयेश म्हणाला, "दिलीपभाई, काका गया." कोणते काका, हे मला विचारावं लागलं नाही. धनराज आप्पा दुपारी जेवून आडवे झाले होते, ते उठलेच नाहीत. मी फोन ठेवला, दोन्ही तुकडे उजेडात धरून पुन्हा पाहिले, रंगाचं प्रमाण लिहून दिलं आणि हात धुतले. त्याला आता सहा आठवडे झाले. आप्पांबद्दल चार शब्द लिहावेत असं ओळखीतल्या काहींनी सुचवलं. चार शब्दांत भागणारं असतं तर अकरा वर्षांपूर्वीच बोलून मोकळा झालो असतो.

आप्पा आमच्या खानदेशातले, तापीकाठच्या गावचे. सुरतेत नवागामला राहायचे आणि लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांत, बीम पसाऱ्याचं काम करायचे. लूमवरच्या जुन्या बीमचं, म्हणजे सुताच्या रुळाचं, सूत संपत आलं की नव्या बीमचे हजारो धागे एकेक करून जुन्याला गाठ मारून जोडायचे, हे ते काम. त्यात बोटांना ताण कळावा लागतो. एक धागा ढिला राहिला तरी पुढे अख्ख्या ताक्यात रेघ उमटते. माझी त्यांची गाठ पडली ती फाटलेल्या शिडामुळे. कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल शाखेत मला होड्यांचा नाद लागला होता आणि पुढे नदीवरच्या एका लहानशा क्लबात मी शर्यतीच्या बोटी चालवायचो. एकदा मोठं शीड कडेला उसवलं आणि कोणीतरी आप्पांचं नाव सुचवलं. ते आले, शीड जमिनीवर पसरलं, चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "हाई तं पॉलिस्टरच शे. भो, शीड म्हंजे काय, उभं धरेल कापडच ना!" शिवून झालं तरी जाईनात. हे कापड वारा कसं खातं ते त्यांना पाहायचं होतं. मी बोटीत घेतलं. ते चाळिशी ओलांडलेले, मी त्यांच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान.

आमची बोट तिघांची. सुकाणू माझ्याकडे, पुढचं लहान शीड जयेशकडे आणि मोठ्या शिडाची दोरी आप्पांकडे. जयेश कतारगामच्या हिऱ्याच्या कारखान्यातला, पक्का सुरती. इंग्रजी हुकूम आप्पांच्या डोक्यात बसेनात. मग जयेशनेच तोड काढली. "काका, पतंग चगावो छो ने? बस, आ मोटो पतंग!" पतंगाचे दोनच शब्द आमच्या बोटीत राहिले. दोरी ओढायची तर खेंच, सोडायची तर ढील. दुसऱ्या बोटीतले हसायचे, "संक्रांत झाली की रे!" आप्पांना त्याचं काही नसायचं. त्यांनी खात्यातून आणलेल्या लाल धाग्याचे तीन तुकडे शिडाच्या मागच्या कडेला बांधले. धागे सरळ मागे उडाले तर शीड बरोबर. धागा शिडाच्या आड गेला तर शीड फार आवळलंय. "धागा दपना, म्हंजे शीड गुदमरनं. ढील दे." ही गोष्ट शिकायला मला दोन वर्षं लागली होती, त्यांना एक दुपार.

पाण्याचंही तसंच. भरती चढत असताना समुद्राच्या दिशेला, वाऱ्याच्या तोंडावर जायचं असलं की बाकीच्या बोटी मधल्या खोल पाण्यात झुंजत राहायच्या. आप्पा म्हणायचे, काठ धर, काठाला पाण्याचा जोर कमी. लहानपणी पुरात म्हशी पार करताना शिकलेलं. आम्ही चिखलाला जवळजवळ घासत जायचो आणि वळणापाशी चार-पाच बोटींच्या पुढे निघायचो. "तापी आमना गाववरथीन येस," ते सांगायचे. "तीबी सुरतले उनी, मीबी उनू. तिना स्वभाव माले माहीत शे." जयेश म्हणायचा, "तो तमे बे भाई-बेन, काका!" त्या दोन हंगामांत आम्ही खूप जिंकलो. जिंकणं माझ्या नावावर लागायचं, कारण सुकाणूवाल्याचं नाव लिहितात.

आता कानांबद्दल. लूमच्या आवाजाने खात्यात बहुतेकांचे कान जातात आणि लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलणं समजून घेतात. आप्पा मात्र पहिल्या दिवसापासून कानात कापसाचे बोळे घालून कामाला बसायचे. लोक चिडवायचे, "नवरी शे का रे?" पण त्यांचे कान शाबूत होते. नदीच्या पलीकडून कोणी हाक मारली तर आधी त्यांना कळायची. वर ओठ वाचायची खात्यातली सवय होतीच. खेंच म्हणताना माणसाचे दात दिसतात, ढील म्हणताना जीभ... हेही त्यांनीच मला दाखवलं होतं. म्हणून त्यांची ऐकण्यात चूक होणं शक्य नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि माझ्याशिवाय फारसं कोणाला नव्हतं.

राज्याच्या संघासाठी निवडीच्या शर्यती होत्या, त्यातली शेवटची. वारा चांगला, भरती चढती. आम्ही डावीकडून वारा घेऊन चाललो होतो आणि समोरून एक बोट उजवीकडून वारा घेऊन आली. अशा वेळी रस्ता तिचा. आम्ही तिच्या शेपटीमागून जायला हवं होतं, त्यात फार तर बोटीच्या लांबीइतकं मागे पडलो असतो. त्यासाठी सुकाणू वळवायचं आणि त्याच क्षणी मोठं शीड ढिलं सोडायचं. शीड आवळलेलं असलं तर बोट वाऱ्याकडेच ओढते, सुकाणूला दाद देत नाही. आप्पांनी अंतर ओळखलं होतं. दोरी सोडायच्या बेतात त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, पुढून निघू. मी ओरडलो, "खेंच!" त्यांनी क्षणभर पाहिलं आणि खेचलं. दुसऱ्या क्षणाला मला कळलं की निघत नाही. मी सुकाणू वळवलं. बोट वळली नाही. समोरच्या बोटीच्या कुशीत आमचं नाक घुसलं आणि तिच्यातल्या एकाचं मनगट मोडलं.

त्या शर्यतीतून आम्ही बाद झालोच, ते नियमानेच होतं. पण माणूस दुखावला म्हणून क्लबाच्या समितीने संध्याकाळी बोलावलं. इतका बेदरकार सुकाणूवाला संघात पाठवायचा का, एवढाच प्रश्न होता. जयेश पुढे तोंड करून बसलेला, वाऱ्यात त्याला नीट ऐकू आलं नव्हतं. मला विचारलं, तू काय सांगितलंस? मी म्हणालो, "ढील सांगितलं होतं." मला कोणी तसं शिकवलं नव्हतं. शब्द आपसूक आला, खरा असल्यासारखा. मग समितीने आप्पांकडे वळून विचारलं. ते माझ्याकडे बघत होते, तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. म्हणाले, "माले ऐकू नही उनं."

समितीतला एकजण हळहळला, "लूमवाला ने... कान गया." प्रश्न मिटला. आमच्या बोटीचा पहिला नियम मीच घातला होता. बोटीत दोन तोंडं नकोत, सुकाणूवाला सांगेल ते. आप्पांनी तो जमिनीवरही पाळला. बाहेर आल्यावर त्यांनी आपली चप्पल शोधली, मला म्हणाले, "शीडले गोड्या पानीखाल धुई ठेव," आणि सायकल घेऊन गेले.

ऐकू न येणाऱ्याला दोरीवर ठेवत नाहीत. त्यांच्या जागी दुसरा घेतला आणि मी संघात गेलो. तिथे आम्ही खालून दुसरे आलो. क्लबात आप्पांचं नाव 'बहेरा काका' पडलं. पुढे मीही होड्या सोडल्या. आम्ही भेटायचो, लग्नात, गणपतीत. ते माझ्याशी मोठ्याने बोलायचे, मीही मोठ्याने बोलायचो. चार माणसांत मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडायचो आणि ते हात कानामागे धरून मान हलवायचे... मी एकदाही त्यांना एकट्याला गाठलं नाही. गाठू शकलो असतो. नवागाम माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे.

उत्तरकार्य झाल्यावर एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. आप्पांच्या पत्नी, मालतीवहिनी, एकट्याच होत्या. त्यांनी दारातूनच ओरडून "या, बसा!" म्हटलं. त्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, टीव्हीही मोठ्याने लागतो. म्हणाल्या, "कान गयात आनि त्यासनी होडी बी गयी. लई जीव व्हता त्यासना." मी पाणी प्यायलो. मग सांगितलं. खेंच मी म्हटलं होतं, समितीत मी खोटं बोललो, त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं. त्यांचे कान चांगले होते, वहिनी. तेव्हाही, नंतरही.

मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर मला हाकलून देतील. हाकलून घ्यायची तयारी मी करून गेलो होतो. वहिनी उठल्या, कपाटातून एक डबी आणली. थोरल्या मुलाने पहिल्या पगारात घेतलेलं कानाचं मशीन होतं. मुलगा आला की आप्पा ते लावून बसायचे. सोबत बॅटरीचं पाकीट होतं, ते फोडलेलंच नव्हतं. वहिनींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हंजे... त्यासले ऐकू येत व्हतं?"

मी मान डोलावली.

"अकरा वरीस?" त्या खाली बसल्या. "मी त्यासना पाठीमांगे काय काय बोलनू रे भो... भांडी घासता घासता. त्यासले कोठे ऐकू येस, म्हनीसन. सासूबद्दल, त्यासनाबद्दल. एक डाव तं मी म्हननू, मरत बी नही..."

मी फक्त माझ्याच अपराधाचा हिशोब घेऊन गेलो होतो. आप्पांनी माझ्यासाठी हे घरातही निभावलं असेल आणि त्याची किंमत रोज भांड्यांच्या आवाजाबरोबर ऐकली असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. एक शब्द मी फिरवला. तो त्यांनी पडू दिला नाही, एवढंच.

मला त्यांच्याकडे पाहवेना म्हणून खिडकीकडे पाहत राहिलो. आप्पांच्या खाटेच्या उशाशी, खिडकीच्या गजाला लाल धाग्याचा तुकडा बांधलेला होता, बोटभर लांब. उन्हाने त्याचा रंग गुलाबीकडे झुकला होता. असा रंग मला जुळवायला सांगितला तर जमणार नाही. वारा नव्हता. धागा गजाला चिकटून होता. मग समोरच्या गल्लीतून थोडी झुळूक आली आणि तो सरळ झाला.

वहिनी उठल्या. डबी होती तिथे ठेवली. आणि अगदी हळू, शेजारच्या खोलीत कोणी निजलं असावं तशा आवाजात म्हणाल्या, "च्या ठेवू का?"

मी हो म्हणालो. मोठ्याने म्हणालो, त्या घरातल्या सवयीने.