रिकाम्या गाडीचं वजन

आधीच सांगते, या सदरातले निम्म्याहून जास्त अनुभव मी हसण्यासाठी वाचते. पांढरी साडी, पैंजण, पिंपळ... तेच ते. लोकांना ॲसिडिटी होते, झोप लागत नाही, आणि नाव भुताचं! मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघते. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं. सापडलं नाही तर शोधणारा गाढव. तरी हे लिहितेय, कारण त्या दिवशी मी भर दुपारी, पूर्ण शुद्धीत होते.

माझ्या थोरल्या भावाने, दादाने, बायपासनंतर बोलणंच टाकलं होतं. दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मग मोबाइलवर कुठलीतरी जाहिरात पाहिली आणि उठला — थेट एक जुनी मिनीबस घेऊन आला. आत घर केलेलं: दोन बेड, शेगडी, बेसिन, झालरीचे पडदे. मोटरहोम म्हणे! मला तर ते चाकं लावलेलं मंगल कार्यालय वाटलं.

"मंदे, तुझ्या वहिनीला घेऊन फिरणार आता," दादा म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडून एक पूर्ण वाक्य निघालं होतं, म्हणून मी माझं तोंड आवरलं.

पण पडेगावच्या पुढे साध्या चढावरही गाडी दम टाकायची. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही, मागे काळा धूर. एका मेकॅनिकने इंजेक्टर काढले, दुसऱ्याने टर्बोला शिव्या घातल्या, तिसऱ्याने "नजर लगी है" म्हणून लिंबू-मिरची बांधली. तिघंही एकाच माळेचे मणी. शेवटी मीच हात घातला. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं — फिल्टर बदलला. डिझेलच्या पाइपला बारीक चीर, तिथून हवा ओढली जात होती — पाइप नवा टाकला. चाकं जॅकवर घेऊन फिरवली, ब्रेक कुठे धरत नव्हते. उभ्या गाडीचं इंजिन आता सुरेख चालत होतं. रस्त्यावर घेतली... पुन्हा तेच. जणू आत पोत्यांची थप्पी लावलीय.

मग लक्षात आलं, गाडी मागून बसली होती. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झालेले. म्हणजे दडवलेलं वजन! ज्या शहाण्याने फर्निचर केलं त्याने खाली लोखंड टाकलं असणार. सगळी फळ्यांची जमीन उचकटली. खाली धूळ आणि एक तुटका कंगवा.

"भंगारात देऊन टाक," मी म्हणाले.

दादाने पाठ फिरवली. घरात गेला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला.

पुढच्या रविवारी मी त्याला बळेच उठवलं. वहिनींचं माहेर पैठणला. जाता जाता चितेगावजवळच्या वजनकाट्यावर एकदाचा सोक्षमोक्ष लावू म्हटलं. मी चालवत होते, दादा शेजारी, वहिनी मागे. गाडी काट्यावर चढवली आणि आम्ही तिघंही खाली उतरलो. बाहेरच्या बोर्डावर लाल आकडा आला. फर्निचर, पाणी, डिझेल, सगळं हात सैल सोडून धरलं तरी चार-पाच क्विंटल जादा!

"मॅडम, सवारी तो उतारो पहले," काटेवाला केबिनमधून ओरडला. गाडीचं दार त्याच्या पलीकडच्या बाजूला होतं, कोण चढतं-उतरतं ते त्याला दिसत नव्हतं.

"गाडी रिकामी आहे."

"खाली गाडी का वजन मेरे को मत सिखाव."

अडाणी मनुष्य. काट्यात दगड अडकला असेल म्हणून मी वाकून कडा तपासल्या. काही नव्हतं.

वहिनी दाराशी उभ्या होत्या. दार उघडं, लोखंडी पायरी खाली सोडलेली. पदर सावरून त्या आत बघत बोलल्या, मुक्काम लांबवलेल्या पाहुण्यांना सांगावं तसं.

"लई दिस झाले. आता उतरा. आमचा माणूस आजारी हाय, त्याच्यासाठी घेतलीय गाडी. समद्यांना न्यायची ताकद नाय तिच्यात."

मला हसू आलं. "वहिनी, लोक बघतायत..."

पायरी दबली. वर आली. पुन्हा दबली. तिच्यावर कोणी नव्हतं. मागचे पाटे करकरले, गाडी मागून थोडी उचलली गेली. बोर्डावरचा आकडा खाली येऊ लागला — एकदम नाही, टप्प्याटप्प्याने, दर वेळी एका माणसाएवढा. शेवटी पायरी अगदी हलकी दबली, लहान लेकरू उतरावं तशी. आकडा थांबला.

दादाने माझं मनगट घट्ट धरलं होतं. वहिनींनी शांतपणे दार लावलं.

"अब बोलो," काटेवाला हसला, "सवारी थी के नहीं?"

पैठणपर्यंत गाडी टॉप गिअरमध्ये गेली. शेवटच्या टप्प्यात दादाने चालवली. आता दोघं कोकणात आहेत, आणि तिथल्या चहाला नावं ठेवायला तो मला रोज फोन करतो.

"काट्याखालचा वजन मोजणारा लोड सेल अडकला असेल," असं ऑफिसातले दोन विद्वान सांगतात. पायरीचं विचारलं की विषय बदलतात. त्यांच्याहून बरं स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही, हे लिहिताना जिवावर येतंय.

मी वहिनींना विचारलं होतं, तुम्हाला कुणी दिसलं होतं का?

"नाय हो वन्सं," त्या म्हणाल्या. "पण मागं एवढी मोकळी जागा असून मला सारखं अंग चोरून बसावं लागायचं."