नवरा-नवरीची जागा

तात्या फोटो काढताना कुणालाही हसायला सांगत नसत. पाटोद्यातले बाकीचे फोटोवाले 'स्माइल प्लीज' म्हणून मोकळे व्हायचे. तात्या कॅमेरा उजव्या डोळ्याला लावायचे, डावा घट्ट मिटायचे आणि म्हणायचे, "हालू नका. हसू बी नका. नुस्तं सुखात दिसा." आता सुखात दिसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे स्टुलावरच्या माणसाला कधीच कळायचं नाही. तो विचारात पडायचा आणि त्या विचारातच फोटो निघायचा. बारावीच्या अर्जावरचा, लग्नातला, नोकरीच्या ओळखपत्रावरचा असे माझे सगळे फोटो तात्यांचेच. सगळ्यांत मी जरा बुचकळ्यात पडलेलो आहे.

आमचं कापडाचं दुकान आणि त्यांचा स्टुडिओ यांची भिंत एक. स्टुडिओच्या मागच्या खोल्यांत तात्या आणि काकू राहत. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर दोघांचा सारखाच हक्क. तात्यांनी अख्ख्या तालुक्याचे फोटो काढले, पण काकूंचा एकही काढला नाही. काकू अधूनमधून आठवण करून द्यायच्या. तात्या म्हणायचे, "हलवायाच्या घरी कुणी पेढे खातं का? घरचं उद्या बगू." हा उद्या काही केल्या उजाडला नाही. काकूंचा म्हणावा असा एकच फोटो होता, तो आधार कार्डावरचा. "त्यात मी चोरी करून पकडल्यावानी दिसते," असं त्या म्हणायच्या आणि ते खोटं नव्हतं.

लग्नाच्या अल्बममधलं बॅकग्राऊंड हा तात्यांचा हातखंडा होता. लग्न लागायचं पत्र्याच्या मंगल कार्यालयात, पण अल्बममध्ये नवरा-नवरी उभे असायचे कुठल्याशा परदेशी हिरव्या उतारावर. मागे बर्फ, बाजूला लाल कौलांचं घर. हा डोंगर तयार मिळायचा आणि सगळे फोटोवाले तोच वापरायचे. एका वर्षी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन घरांत पाठोपाठ लग्नं झाली, आणि दोन्ही अल्बमांत तोच डोंगर निघाला. एका नवरीचे वडील अल्बम काखेत मारून स्टुडिओत आले. "तात्या, त्यांची पोरगी आमच्या डोंगरावर कावून हुबी केली?" तात्यांनी त्यांना चहा पाजला, पण तो प्रश्न त्यांना लागला. त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला. उत्तराखंडात उंचावर गवताची मैदानं असतात, त्यांना बुग्याल म्हणतात, तिथे जायचं आणि आपला स्वतःचा डोंगर आणायचा.

मला गाडी चालवता येते हा माझा गुन्हा. पण मी तयार झालो तो काकूंमुळे. एका दुपारी त्या दुकानात आल्या, परकराचं कापड बघितल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यांना नीट दिसत न्हाई रे. चहा बशीभाईर वततेत. मागच्या लग्नात नवरीचं तोंड सोडून मागची झालर साफ आलीय. शुगर हाय, डोळे दाखवा म्हणलं की अंगावर येतेत. म्हणतेत, कॅमेऱ्याची काच खराब हाय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "फोटोवाल्याचा डोळा गेला तर त्याचं काय ऱ्हातं? तू ने त्यांना. मी बी येते. त्यांच्या मनासारखं झालं, की परत येताना दवाखान्यात नेऊ." मला भीती वाटली. तात्यांकडून डोळा काढून घेतला तर मागे नुसता एक भांडकुदळ म्हातारा उरेल, असं तेव्हा मनात आलं.

दसरा झाला आणि तुळशीची लग्नं लागायच्या आत आम्ही निघालो. फोटोवाल्याला मोकळा वेळ तेवढाच. ऊसतोडीला निघालेल्या ट्रक-ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळा संसार वर लादलेला. एका ट्रकवरून कुणीतरी ओळख देऊन ओरडलं, "तात्या, तुमी बी कारखान्याला निघालात का?" तात्यांनी काच खाली केली. "न्हाई रे बाबा, डोंगर आणाया चाललोय!" वरची माणसं खूप हसली. त्यांतल्या कित्येकांची लग्नं तात्यांनी त्याच परदेशी उतारावर लावली होती.

वाटेत जिथे म्हणून उतरलो तिथे तात्यांचा एकच नियम. फोटोत मधे कुणी यायचं नाही. "मधली जागा नवरा-नवरीची. ती मोकळी पायजे." झाड, खांब, बकरी, मी, कुणीही मधे आलं की खेकसायचे. आणि दर फोटोनंतर सदऱ्याच्या टोकाने लेन्स पुसायचे. पुसून पुन्हा डोळ्याला लावायचे आणि पुन्हा पुसायचे. ते काकू बघायच्या आणि मी काकूंकडे बघायचो.

शेवटी ते मैदान आलं. गाडीरस्ता संपल्यावर थोडं चालून वर गेलो, तर तात्यांचा चेहरा पडला. गवत हिरवं नव्हतंच. पावसाळा सरला होता, मेंढ्या चरून खाली गेल्या होत्या आणि अख्खा उतार पिवळाधमक झाला होता. "हे तर आपल्या बालाघाटावानीच वाळलंय की! येवढा घाट चढून आपलाच माळ बघाया आलतो का आपण?" काकू दमून दगडावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्या माळामागं बर्फ हाय का पण?" तात्यांनी मान वर केली. मागे खरोखरच बर्फाची रांग होती, उन्हात चकचकत. तात्या हळूहळू खुलले. एक चुकार मेंढी मधे उभी होती, तिला हाकलायला मला पिटाळलं. मी परत आलो तसा त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि डावा डोळा मिटला.

तेव्हा काकू उठल्या. पदर खोचला आणि चालत चालत सरळ त्या उताराच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. हाताची घडी घातली आणि तात्यांकडे तोंड केलं. मी वाट बघत होतो, आता हा माणूस ओरडेल. तात्या म्हणाले, "वा! काय मोकळी जागा हाय!" आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. लेन्स पुसली, पुन्हा दाबलं.

मग त्यांनी कॅमेरा खाली घेतला आणि त्याच्या मागच्या पडद्यावर दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पिवळं गवत, वर बर्फ आणि बरोबर मधे काकू. "ही कवा आली मधी?" काकू जागेवरून हलल्या नव्हत्या. तिथूनच म्हणाल्या, "मी पयल्यापासून हितंच हाय." तात्यांनी कॅमेरा पुन्हा उजव्या डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. लेन्स मात्र या वेळी पुसली नाही. खाली बसले आणि म्हणाले, "मधीच न्हाई दिसत गं. कडंचं दिसतंय सगळं." काकू शेजारी येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यांचा स्वभाव गेला नव्हता. "बरं झालं. एक फोटो बी झाला अन् पारख बी झाली."

परतल्यावर अंबाजोगाईला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, साखरेने डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग खराब झालाय, आधी यायला हवं होतं. डोळ्यात इंजेक्शनं झाली. थोडं थांबलं, पण दुसरा डोळाही त्याच वाटेने गेला. स्टुडिओच्या शटरला कुलूप लागलं. आणलेल्या डोंगरावर एकही नवरा-नवरी उभे राहिले नाहीत. काकू तात्यांचा हात धरून त्यांना रोज बाजारातून फिरवायच्या आणि समोरून कोण येतंय ते हळूच सांगायच्या. तात्या मग त्या माणसाला आधीच हाक मारायचे. पुष्कळांना बरेच दिवस पत्ताच लागला नाही.

पुढच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन काकू गेल्या. आधी तात्या जाणार असं आम्ही सगळ्यांनी, काकूंनीसुद्धा, धरलं होतं. दहाव्याला फोटो ठेवायचा म्हटल्यावर शोधाशोध झाली, आणि फोटोवाल्याच्या अख्ख्या घरात, आधार कार्डावरचा सोडला तर, काकूंचा तो डोंगरावरचा एकच फोटो निघाला. नव्या स्टुडिओतल्या मुलाकडे मी तो मोठा करायला नेला. तात्या माझा हात धरून बरोबर आले. मुलाने रीतीप्रमाणे विचारलं, "मागचं सगळं कापतो अन् निळं आभाळ, ढग टाकतो. चालंल ना?" माणूस गेलं की आमच्याकडे त्याला ढगांवर बसवतात. तात्यांनीही उभ्या जन्मात तेच केलं होतं.

"हात लावू नको त्याला!" तात्या इतक्या जोरात ओरडले की मुलाचा हात थांबला. "ते कापायचं न्हाई. ती खरंच गेलती तिथं."

तो फोटो आता तात्यांच्याच स्टुडिओच्या भिंतीवर आहे; शटर ते रोज नुसतं बसायला उघडतात. मी जातो तेव्हा तात्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात, पण तोंड दाराकडे फिरवलेलं. सरळ पाहिलं की काकू दिसत नाहीत, नुसतं कडेचं गवत दिसतं. मान वळवली की त्या नजरेच्या कडेला येतात. येणाऱ्याला वाटतं, म्हातारा रस्त्यावर कुणाची तरी वाट बघतोय. कुणी तसं विचारलंच, तर तात्या मान न हलवता सांगतात, "बसा की. मी तिच्याकडं बगतोय."