काकांचं झाकलेलं ताट

कचऱ्यावरून माणूस ओळखणारा, आणि नुसता ओळखून न थांबता तो कचरा ज्याचा त्याला मानानं घरपोच करणारा गृहस्थ अख्ख्या सोलापुरात एकच होऊन गेला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता! आम्ही त्यांना काका म्हणायचो. सगळी नोकरी पोस्टात टपाल निवडण्यात गेलेली. पत्ता अर्धा असो, पुसलेला असो, पाकीट बरोबर घरी पोचलं पाहिजे ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. पत्रं संपली तेव्हा त्यांनी आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा उकिरडा हाती घेतला.

तिथं कचरा टाकायला मनाई होती. म्युनिसिपालटीची पेटी पन्नास पावलांवर होती, पण तेवढं चालणं आमच्या गल्लीला कमीपणाचं वाटे. नेमकी त्या ढिगावरच काकांची खिडकी. आत काकू दम्यानं अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टर म्हणत, मोकळी हवा पाहिजे. आणि खिडकी उघडली की घाणीनं उबळ यायची. ती खिडकी एकदा सताड उघडायची, एवढाच काकांचा ध्यास होता.

रोज सकाळी ते काठीनं ढीग उपसायचे. सुताचा गुंता निघाला की समोरच्या हातमागवाल्या मावशी. शेंगा खाऊन टरफलं तर सगळी गल्लीच टाकते, पण काकांनी मलाच पकडलं. "बोटानं न्हाई, दातानं फोडल्यात. तूच की रे!" मग तो ऐवज ताटात घालून, वर काकूंनी विणलेला रुमाल झाकून काका दारात उभे. "तुमच्याकडचंच हाय, गोड मानून घ्या." पहिल्या खेपेला सगळेच फसले. झाकलेलं ताट म्हणजे फराळ, दुसरं काय असणार? मावशींनी तर त्यांना पाटावर बसवून चहा दिला आणि मग रुमाल उचलला! त्यात शेजाऱ्याचं ताट रिकामं परत देऊ नये. त्यामुळे कितीही संताप झाला तरी त्यात शेंगाचटणीची वाटी यायची. काकांच्या फळीवर चटणी मावेना.

मावशी एकदा कडाडल्या, "सफाईपट्टी भरतोय की आमी! मग कुटंबी टाकू."

"पाणीपट्टीबी भरताय की," काका म्हणाले, "म्हणून रस्त्यात अंघोळ करता व्हय?"

गल्ली पोट धरून हसली. ढीग मात्र होता तिथंच राहिला.

आणि एके सकाळी ढिगात कागदाची एक पुडी निघाली. दोऱ्याला दुहेरी गाठ. आत अडुळशाची पानं, काका काकूंना रोज चघळायला देत तीच, एकालाही दात लागलेला नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण नियम तो नियम! ताट घेतलं, रुमाल झाकला आणि अंथरुणाशी उभे राहिले. मी दारातून बघत होतो.

"तुमच्याकडचंच हाय."

काकूंनी रुमाल उचलला आणि त्यांना हसू फुटलं. "लई कडू हाय वो. तुमी एकदा चघळून बघा की."

"पण खिडकीपातुर गेलीस कशी?"

"तुमी ताटं वाटत हिंडताय, तवा जाते भिंत धरून. थांबा, रिकामं ताट कसं देऊ?"

आणि काकू उठल्या. भिंत धरत, दम खात स्वयंपाकघरात गेल्या आणि मूठभर साखर घेऊन आल्या. कित्येक महिन्यांत त्या चुलीपर्यंत गेल्या नव्हत्या. तेच ताट घेऊन काका घरोघर फिरले. "साखर घ्या. तिनं सोता उठून घातलीय."

मावशींनी साखर जिभेवर ठेवली आणि बंद खिडकीकडे बघितलं. "तितं वैनी हाईत, हे ध्यानातच आलं न्हाई बघा आमच्या." दुसऱ्या दिवशी कोपरा त्यांनीच झाडला. बघता बघता सगळ्या गल्लीला पन्नास पावलं चालता यायला लागली. खिडकी उघडली, आणि काकू तिथं बसून कोण पेटीपर्यंत जातंय आणि कोण अर्ध्यातून वळतंय यावर नजर ठेवू लागल्या.

आता दोघंही नाहीत. पण आजही दिवाळीत कुणी झाकलेलं ताट आणलं की रुमाल उचलताना माझा हात थबकतो. आत लाडू-चिवडाच असतो. आणि खरं सांगतो, जरा वाईट वाटतं.