बुआवानचा पहिला घास

घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय दुसऱ्या कुणी भाताच्या टोपलीत हात घालायचा नाही. सेबांगफाई नदीकाठच्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बुआवानचा नवरा थोंगदाम वारला, तेव्हापासून मुक्कामाला राहिलेले थोरले दीर हा मान सांभाळत होते. आज सकाळी ते आपल्या गावी परतले. आता घरात मोठी बुआवानच, आणि तिचा पाय काही एका जागी ठरेना.

बांबूचे कोंब घातलेलं माशाचं कालवण मांडून झालं, मिरचीची चटणी झाली. ती पाणी आणायला उठली. मग कोंबडी हाकलायला. मग उगाचच चूल बघायला.

"आई, बस की गं! भात वाळून खडा होईल," मुलगा सोमपोंग म्हणाला.

"मला भूक नाही. तू घे. घरातला पुरुष तू."

"तुझ्या आधी? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

सून दाला टोपलीकडे बघत होती. तिला सहावा महिना. सकाळपासून भाजीच्या वाफ्यात राबली होती आणि हात मांडीखाली दाबून बसली होती. बुआवानला स्वतःचाच राग आला. पहिला घास घेतला की थोंगदामची जागा भरली, तो खरोखरच गेला, असं तिला वाटत होतं. पण मेलेल्यासाठी पोटुशीला उपाशी ठेवायचं, हा कुठला न्याय?

ती धपकन बसली. चिकट भाताचा गोळा वळला, चटणीला टेकवला आणि तोंडात टाकला. ती घास चावत राहिली. तोवर दोघांचे हात टोपलीत गेलेही होते.

चार घासांत तिचं पोट भरलं. तिने हात मागे घेतला, तसा दालाचाही हात थबकला. मोठ्यांचं आटोपल्यावर खात राहणं म्हणजे हावरटपणा.

"थांबलीस का? माझं कुठं झालंय अजून?" बुआवान खेकसली आणि कालवणातल्या माशाचा एक काटा चोखत बसली.

थोंगदामही असाच जेवण संपल्यावर माशाचं डोकं तासभर चघळत बसायचा. ती सगळ्यांच्या शेवटी बसणारी, सावकाश जेवणारी; तिचं होईपर्यंत तो थांबतो हे न कळून जन्मभर त्याला टोमणे मारत आली, "पोट आहे की रांजण?"

तिने काटा तोंडातून काढला नाही. दाला जेवत होती.