अंगठा दिसला पाहिजे

गळवाले आबा धरणावर आले की आधी चप्पल काढत आणि घोटाभर पाण्यात उभे राहत. स्वतःच्या पायाचा अंगठा स्वच्छ दिसला तरच गळ टाकत. "अंगठा दिसस म्हणजे बठ्ठं चांगलं शे," म्हणत, म्हणजे सगळंच चांगलं आहे.

दर रविवारी ते धुळ्याहून स्कूटरवर साक्रीकडच्या आमच्या धरणावर येत. वर रस्त्याला माझी चहाची टपरी. लांबूनच ओरडत, "माय, ठेचा वाटला का वं?" दुपारी दोन भाकरी खात आणि थोडं मळलेलं पीठ गळासाठी मागून नेत.

संध्याकाळी त्यांची पिशवी रिकामीच असे. मला वाटे, म्हाताऱ्याला मासा लागतच नाही. एकदा कीव येऊन जाळेवाल्याकडून एक मासा घेतला आणि गुपचूप त्यांच्या पिशवीत टाकला. आबा पोट धरून हसले. "अवं माय, खायलाच पाहिजे असता तर धुळ्यात बाजार नाही का? मी तर धरलेला सोडून देतो!"

"मग इतक्या लांब येता कशाला?"

त्यांनी नुसता पाण्याकडे हात केला. मला काही कळलं नाही. पुढे त्यांचे सोबतीही यायला लागले. मी दुसरी शेगडी घेतली.

मग गावाचं गटार धरणात यायला लागलं. आबा आले, पाण्यात उभे राहिले, बराच वेळ वाकून पाहिलं. गळ न टाकताच वर आले. भाकरी मात्र खाल्ली. त्यानंतर कोणीच आलं नाही. आता ते दुसऱ्या धरणावर जातात. दूधवाल्याबरोबर निरोप आला होता, 'इकडच्या ठेच्यात नुसतं मीठ शे.'

गटार वळवायचं का, म्हणून ग्रामसभा झाली. मी कधी सभेत बोलत नाही. त्या दिवशी कशी कोण जाणे उभी राहिले. म्हणाले, "आबा येत नाहीत आता."

सरपंच नाना म्हणाले, "अक्का, त्यांनी गावाचा एक तरी मासा विकत घेतला का?"

"नाही."

"मग पैसे कशाचे देत होते?"

"भाकरीचे."

"भाकर काय धुळ्यात मिळत नाही?"

सगळे हसले. मी गोंधळले. भाकर तिथं मिळते, मासाही मिळतो. मग कशाचे? पाण्याचे, असं ओठांवर आलं. पण पाणी मी त्यांना कधी विकलंच नव्हतं. मी खाली बसले.

काही न ठरता सभा उठली. घरी न जाता मी धरणावर गेले, चप्पल काढली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिले. अंधार पडेपर्यंत वाकून माझा अंगठा शोधत होते.