पुसलेला डोंगर

कमलताई म्हणजे धारवाडात निवृत्त होऊन आलेल्या एकमेव समुद्रवाल्या बाई. सुभाष रोडवर भाजी घेताना कुणी विचारलंच, "अक्का, तुम्ही नोकरी कसली केली हो?" तर सांगायच्या, "समुद्राच्या तळाचे नकाशे काढले." समोरचा हसायचा. हसू दे की! जहाजातून आवाज खाली सोडायचा, तो तळावर आपटून किती वेळात परत येतो ते मोजायचं आणि त्यावरून खोली काढायची. बाईंनी तीस वर्षं हेच केलं आणि चोख केलं. त्यातही खरं कसब सफाईचं. आवाज माशांच्या थव्यावरून परत आला, तर कागदावर भलताच तळ उमटतो. तो ओळखायचा आणि पुसून टाकायचा. ह्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तोच ताठा नडला.

एकतीस वर्षांपूर्वी जहाजावर त्यांच्या हाताखाली हुबळीचा गुरुराज होता. एका सकाळी त्यानं नोंद केली, की तीन हजार मीटर खोल सपाट तळातून डोंगर उठलाय आणि त्याचा माथा नऊशे मीटरवर आहे. कमलताईंनी कागद बघितला न बघितला आणि म्हणाल्या, "मासे आहेत. पूस." तो हट्टाला पेटला. तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी त्याला वेड्यात काढलं आणि स्वतःच्या हातानं तो डोंगर पुसला. गुरुराजनं नोकरी सोडली, ती सोडलीच. पुन्हा समुद्राकडे फिरकला नाही.

गेल्या आठवड्यात जहाजावरून त्यांच्या लेकीचा, दीपश्रीचा फोन आला. तीही ह्याच कामात. "आई, तुझ्या नकाशात सपाट आहे ना, तिथं डोंगर निघालाय. माथा नऊशे मीटर." सोबत तिनं त्याचं चित्रही पाठवलं. कमलताईंना तो आकडा लगेच आठवला. रविवारी सकाळी त्यांनी हुबळीची बस धरली आणि विद्यानगरात गुरुराजच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागायची, दुसरं काय!

दार त्याच्या बायकोनं, मीनाक्षीनं उघडलं. "या अक्का. पण भिंतीच्या कडेनं या हं. मधून गेलेलं त्यांना चालत नाही." खोलीच्या मध्ये काहीच नव्हतं, नुसती फरशी. गुरुराज आतून आला तोही वळसा घालून, चढणीला अंग कलतं करतात तसा वाकून.

भिंतींवर कागदच कागद, सगळे हातानं काढलेले. तोच डोंगर, चारी बाजूंनी. कमलताईंनी लेकीचं चित्र फोनवर उघडलं आणि ताडून बघितलं. रेघ न् रेघ जुळत होती, उत्तरेची अरुंद घळसुद्धा. अगं बाई! जहाज तर तेव्हा एकदाच, सरळ वरून गेलं होतं. ही घळ ह्यानं बघितली कुठून?

"कसं काढलंस रे हे?"

"तुम्ही पुसलात ना, तेव्हापासून दिसतंय," तो शांतपणे म्हणाला. "इथं, पायाखाली. आधी एवढाच होता. मग पूर्वेला दुसरा उठला, ह्याच्याहून उंच."

पूर्वेला! दीपश्रीचं जहाज त्याच सकाळी पूर्वेला निघालं होतं, मागे लांबलचक तारेला बांधलेलं उपकरण तळालगत ओढत. जहाजाला आपल्या खालचं कळतं, पुढचं नाही. उपकरण वर घ्यायला पाऊण तास लागतो. ते डोंगरावर आदळून तार तुटली, तर मागच्या डेकवरच्या माणसाचे दोन तुकडे होतात. आणि तिथं उभी असायची दीपश्री.

कमलताईंनी तिथल्या तिथं फोन लावला. "उपकरण वर घे!"

"आई, पुढं सपाट आहे. तुझाच नकाशा आहे."

"माझा नकाशा खोटा आहे, वर घे म्हणते ना!"

"अगं पण कॅप्टनला काय सांगू?"

कमलताईंनी गुरुराजकडे बघितलं. "सांग, माझ्या आईनं खरा डोंगर पुसला, आणि ज्यानं बघितला त्याला वेडा ठरवलं. त्यानंच पुढचाही काढलाय. माझ्या नावानिशी सांग."

मीनाक्षीनं दिलेली कॉफी तशीच निवली. पन्नास मिनिटांनी फोन वाजला. "आई, उपकरण वर आलं आणि तळ उठायला लागला गं! दोन हजार, बाराशे, आता सहाशे!"

कमलताईंना रडू आवरेना. गुरुराजचे हात धरून म्हणाल्या, "चुकले रे. तुझं आयुष्य नासवलं मी." त्यानं हात सोडवून घेतले. ना राग, ना आनंद. खिडकीजवळ एक कागद पाठमोरा लावलेला होता.

"ह्याच्याही पुढचं काढलंयस?"

"काढलंय. पण दाखवणार नाही."

"का रे?"

"बघितलात, तर पुन्हा म्हणाल, पूस."

फोन अजून चालूच होता. "आई," दीपश्री विचारत होती, "आता जाऊ ना पुढं?"

कमलताईंनी त्या कागदाला हात लावला नाही.

"मागं फिर," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."